शेपटीतली दुहेरी रांग

१२ सप्टेंबर

दादाने दवाखाना बंद केला तेव्हा उरलेल्या अपॉइंटमेंटच्या वह्या माझ्या गळ्यात मारल्या. प्रत्येक पानावर रकाने छापलेले आहेत: रुग्णाचं नाव, कुठला दात, तक्रार काय. तर रुग्ण मी. दात अजून शाबूत. तक्रार अशी, की चौसष्टाव्या वर्षी सख्ख्या भावाने मला पुन्हा कामाला जुंपलंय. कुणापाशी तरी कुरकुर करायला हवी, आणि ज्यांच्यापाशी करत असे ते जाऊन पाच वर्षं झाली. म्हणून ही वही.

दादा जन्मभर लोकांचे दात उपटत होता. निवृत्त झाल्यावर त्याने गॅरेजमध्ये जेट विमान बांधायला घेतलं. गाडी तीन वर्षं बाहेर उन्हात उभी आहे. विमान जवळजवळ तीन मीटर लांब, खऱ्याच्या एक पंचमांश, आत खरोखरचं छोटं जेट इंजिन. उडतंसुद्धा. पण अंग साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत. खऱ्या विमानाचं अंग असं नसतं. पत्र्याला पत्रा जोडलेला असतो, सांधे असतात, झाकणं असतात आणि ते सांधे पकडून धरणारे हजारो रिव्हेट असतात. ते सगळं याच्या अंगावर उमटवायचं आहे आणि दादाचे हात आता थरथरतात.

"तू एकोणीस वर्षं याच विमानाच्या पोटात काढलीस," तो म्हणाला. "तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवणं त्याला लहानपणापासून चांगलं जमतं. मी हो म्हणाले. चौदा डिसेंबरला गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर मॉडेलवाल्यांचा मेळावा आहे. परीक्षक आधी वीतभर अंतरावरून अंग बघतात, मग उड्डाण. आमच्या विमान दुरुस्ती कारखान्यातले जुने लोकही येतात म्हणे. कोण कोण, ते मी विचारलं नाही.

१९ सप्टेंबर

सांधे सुरू केले. अर्धा मिलिमीटर रुंदीची चिकटपट्टी सांध्याच्या जागी लावायची, वरून प्रायमरचे जाड हात फवारायचे, वाळलं की पॉलिश पेपर मारायचा आणि पट्टी हळूच ओढून काढायची. मागे बारीक खाच राहते. पट्टी ओढताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर कड उचकटते.

दादा शेजारी उभा राहून "हळू, हळू" करत होता. शेवटी म्हटलं, तुझे पेशंट बोलू शकत नव्हते म्हणून तुझं चाललं, मी बोलू शकते, जा आत. गेला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही आलात ते बरं झालं. इतकी वर्षं हे माझ्यावर हळू हळू करायचे."

४ ऑक्टोबर

सांधे संपले. पंख, नाक, पोट, सगळं. आजपासून रिव्हेट.

युक्ती दादाची आहे आणि ती मात्र झकास आहे. हिरड्या बधिर करायची त्याची जुनी पिचकारी, सुईचं टोक घासून बोथट केलेलं. आत लाकडाला लावतात तो पांढरा गोंद, थोडं पाणी घालून. पेन्सिलीच्या रेघेवर चार-चार मिलिमीटरवर एकेक थेंब ठेवायचा. थेंब वाळून बसतो आणि वर चांदीचा रंग फवारला की हुबेहूब रिव्हेटचं डोकं. चुकला तर मिनिटभरात ओल्या बोळ्याने पुसायचा. एकंदर अकरा हजारांच्या आसपास होतील. आज दोनशे दहा झाले. त्यातले पन्नास भोपळ्याएवढे होते, ते पुसले.

९ ऑक्टोबर

हाताला वळण लागलं. आज सहाशे.

दादाने मधेच विचारलं, खऱ्या विमानात रिव्हेट मारतात कसे? एकोणीस वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. सांगितलं. रिव्हेटला दोन माणसं लागतात. बाहेरचा बंदूक घेऊन रिव्हेटच्या डोक्यावर मारतो. आतला पोलादाचा ठोकळा घेऊन रिव्हेटच्या शेपटाला टेकवून धरतो, म्हणजे शेपूट दबून पसरतं आणि पत्रा पकडतं. मध्ये पत्रा असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. बंदुकीच्या आवाजात ऐकूही येत नाही. म्हणून आतल्याने ठोकळ्याने पत्र्यावर वाजवायचं. एकदा वाजवलं की अजून मार. दोनदा म्हणजे झालं, बरोबर. तीनदा म्हणजे बिघडला, उपटून काढ.

"आणि बाहेरचा काय वाजवतो?" दादाने विचारलं.

काही नाही. बाहेरचा वाजवत नाही. आत काय झालंय हे त्याला दिसतच नाही, तर तो काय वाजवणार?

मी आतली. अंगाने चिमणीएवढी होते, शेपटीच्या टोकापर्यंत शिरू शकायचे, म्हणून सगळे खारूताई म्हणायचे. बाहेर ठोक्या. त्याचं खरं नाव पगाराच्या यादीत असेल. अकरा वर्षं आमची जोडी होती. दिवसाचे सात-आठ तास आम्ही असे वाजवून बोलायचो, आणि जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बसलो की दोघांनाही काही सुचायचं नाही. तो डबा खाली मान घालून संपवायचा.

२० ऑक्टोबर

पंख, नाक, पोट झालं. चार दिवस मान धरली होती म्हणून लिहिलं नाही. लेकीचा फोन आला, म्हणते, "आई, मान मोडून घेशील. कुणासाठी एवढं?" मामासाठी, म्हटलं. "मामाने मागितलं नसतं तरी तू केलं असतंस," म्हणाली. काहीतरीच बोलते. परक्या गावी राहून लेकी आगाऊ होतात.

आता फक्त शेपटी उरली. दादाच्या नकाशात शेपटीवर साधी एकेरी रांग आहे, पण आमच्या कारखान्यात आलेल्या विमानांच्या शेपटीला एका बाजूने तडे जायचे. मग आम्ही त्या बाजूला जादा पट्टी घालून दुहेरी रांग मारायचो आणि शेजारी अंडाकृती झाकण. ती दुहेरी रांग आमच्या जोडीने बसवली, मी आणि ठोक्याने. तिचा फोटो कुठे नाही. ती माझ्या डोक्यात आहे. दादा म्हणाला, मग तशीच कर, परीक्षकांना दाखवू की हे अमुकच विमान आहे.

शेपटीचा विषय निघाला म्हणून लिहून ठेवते. आमचा विभाग बंद झाला त्या दिवशी आम्ही शेवटची शेपटी पुरी केली. मी आत दिवा, ठोकळा, फडकी गोळा करत होते. ठोक्याची दुसऱ्या गावी बदली झालेली, संध्याकाळी तो जाणार होता. तेवढ्यात बाहेरून पत्र्यावर वाजलं. एकदा.

बाहेरचा वाजवत नाही. मी थांबले. मग दोनदा वाजवलं. बरोबर, झालं. बाहेर आले तेव्हा त्याची बंदूक खुंटीला टांगलेली होती आणि तो नव्हता. फाटकावर हे सायकल घेऊन उभे होते, पुढच्या दांडीवर सात वर्षांची लेक. रोज यायचे न्यायला. अशा माणसाला नावं ठेवायला जागा नव्हती, आणि मी कधी ठेवलीही नाहीत.

त्याचं चुकून वाजलं असणार. सव्वीस वर्षं झाली. तरी कधी भेटला तर एवढं एकच विचारायचंय, की बाबा, ते काय होतं?

१ नोव्हेंबर

शेपटी झाली! डाव्या बाजूला दुहेरी रांग, तिच्याशेजारी झाकण, झाकणाभोवती सव्वीस रिव्हेट. डोळे मिटून केली असती तरी जमली असती. दादाने फोटो काढून मेळाव्याच्या फोनवरच्या गटात टाकला. खाली लिहिलं: कारागीर, माझी बहीण. मी लटकं रागावले.

२ नोव्हेंबर

सकाळी दादा फोन घेऊन आला, चेहरा उतरलेला. गटात एक निरोप आला होता. जसाच्या तसा उतरवते:

"दुहेरी रांग उजवीकडे आहे. डावीकडे नाही. खारूताई शेपटीकडे तोंड करून आत शिरायची. तिचा डावा हात ती विमानाची उजवी."

खाली नाव नाही, नुसता नंबर. नाव कशाला हवं?

मी गॅरेजमध्ये जाऊन विमानाच्या नाकाकडे उभी राहिले, मग शेपटीकडे तोंड केलं, डावा हात वर केला. खरंच की. एकोणीस वर्षं मी ते विमान आतूनच बघितलं. बाहेरून बघायची वेळ कधी आलीच नाही. बाहेरून ते त्याने बघितलं.

भयंकर राग आला. सगळ्यांच्या देखत चूक काढायची काही गरज होती? दादाला म्हटलं, कोण हा मोठा शहाणा. दिवसभर तणतणत होते. संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "वन्सं, आज गाणं गुणगुणताय ते कुठलं?" मी कुठे गुणगुणत होते?

४ नोव्हेंबर

दादा म्हणतो, राहू दे, परीक्षकांना काय कळणार. त्याला कळेल ना, असं मी म्हणाले. "कुणाला?" म्हणे. परीक्षकाला, म्हटलं.

शेपटीवर कोमट पाण्याचं फडकं ठेवून एकेक थेंब नखाने खरवडतेय. अकराशे आहेत. सांधा आणि झाकणसुद्धा भरून काढून दुसऱ्या बाजूला पुन्हा कोरायचं. चौदा डिसेंबरपर्यंत व्हायला हवं. त्याने गटात लिहिलंय की तब्येत साथ देईल तर येईन.

११ नोव्हेंबर

आज दादा कुणा जुन्या फोरमनशी फोनवर बोलला. त्यातून कळलेली बातमी त्याने चहा पिता पिता सांगितली: ठोक्या पुतण्याकडे राहतो, कानाने पार गेलाय, बंदुकीच्या आवाजाने दोन्ही कान नेले. आणि लग्नच केलं नाही म्हणे त्याने.

माझा काय संबंध? कुणी लग्न करावं, कुणी करू नये.

आज बावन्न थेंब ठेवले. चौदा वाकडे गेले. पुसले, पुन्हा ठेवले, पुन्हा वाकडे. दादाने विचारलं, हात थरथरतोय का गं? घराण्यातच असेल, म्हटलं.

२४ नोव्हेंबर

उजव्या बाजूची दुहेरी रांग अर्धी झाली. काम करताना आज एक खुळेपणा केला. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. शेपटीवर नखाने दोनदा वाजवलं, सहज. मॉडेलचं अंग काचतंतूचं आहे, पत्र्यासारखं वाजत नाही. टप् टप् असा मंद आवाज आला.

एकदा म्हणजे अजून, दोनदा म्हणजे बरोबर, झालं. तेव्हा बरोबरच होतं ते. घर होतं, लेक होती, सायकल घेऊन उभे असलेले हे होते. मी खोटं वाजवलं नाही. हे नीट लिहून ठेवते, कारण इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही आणि आज एकदम सांगावंसं वाटलं.

पण मग एवढी आठवण का यावी? माणूस रोज भेटत होता तेव्हा त्याचं तोंड मी धड बघितलं नव्हतं. आत असताना पत्र्याला हात लावला की बंदुकीची धडधड कळायची. तो दमला असला की धडधड जराशी सैल व्हायची, रागात असला की तुटक. सर्दी झाली तरी मला कळायचं. हे गेल्यावर घर सुनं झालं, ते समजण्यासारखं आहे. पण त्याच्या बंदुकीच्या आवाजाची चुटपुट सव्वीस वर्षं लागून राहावी, हे कुठल्या रकान्यात बसवायचं? दात कुठला, तक्रार काय?

६ डिसेंबर

शेपटी पुरी. चांदीचा रंग फवारला. रंगाचा पहिला हात बसला आणि थेंबांचे रिव्हेट झाले. दादाला रडू आलं. मग त्याने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

मी फक्त उजवी बाजू बघत होते. उन्हात तिरकं बघितलं की दुहेरी रांग उठून दिसते.

गटात त्याचा काही निरोप नाही. दादाला तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्याने फोनच माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तूच लिही ना त्याला." मी लिहिलं: दुहेरी रांग उजवीकडे केली आहे. वीस मिनिटांनी उत्तर आलं. "बघायला येतो."

१३ डिसेंबर

उद्या. साडी काढून ठेवली. मग ती ठेवून दुसरी काढली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "पहिलीच नेसा."

प्रश्न घोकून ठेवलाय. अगदी सहज विचारायचा, चहाच्या कपासारखा पुढे करायचा. अरे हो, त्या दिवशी ते एकदा का वाजवलंस? बस. तो म्हणेल, कधी? मला आठवत नाही. मग मीही हसेन आणि विषय संपेल. संपला तर बरंच. पण मला तो संपायला नको आहे, हे आज लिहून टाकते.

१५ डिसेंबर, सकाळ

काल लिहिता आलं नाही. आता जसं झालं तसं लिहिते.

मंडपात लांब टेबलांवर विमानं मांडलेली होती. परीक्षकांनी आमच्या विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्यातला एक शेपटीशी वाकून थांबला, बोटाने रांग मोजली आणि वहीत काहीतरी टिपलं. दादा माझा हात घट्ट धरून उभा होता.

अकरा वाजता तो आला. पुतण्याने मोटारसायकलवरून सोडलं आणि "काका, पाचची बस चुकवू नका, मी स्टँडवर असेन" असं ओरडून सांगून गेला. डोक्याचे सगळे केस गेलेत. कानात यंत्र आहे, पण म्हणाला, त्याला फक्त शिट्टीच ऐकू येते. आवाज अजून तसाच मोठा, बंदुकीच्या वरचा.

"खारूताई," म्हणाला, "वाळलीस."

"तू टकला झालास," म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. हसला मात्र.

मग बोलणंच थांबलं. डबा खाताना व्हायचं तसं. तो विमानाकडे वळला. नाकापासून हात फिरवत मागे आला, पंखाच्या मुळापासून शेपटीपर्यंत. डोळे मिटून. दुहेरी रांगेवर बोट आलं तेव्हा थांबला, परत मागे गेला, पुन्हा पुढे आला. झाकणाभोवतीचे सव्वीस रिव्हेट एकेक करून मोजले.

"दुसऱ्या रांगेतला सातवा बाहेर आलाय," म्हणाला.

खरंच आलाय. मी मुद्दाम ठेवला होता. खऱ्या शेपटीवर तो आमच्याकडूनच वाकडा गेला होता आणि फोरमनच्या नजरेतून सुटला होता. त्याने ओळखलं.

विमान उडालं, दोन चकरा मारून आलं. लोक टाळ्या वाजवत होते, दादा नाचायचाच बाकी होता. मी नीट बघितलंही नाही. घड्याळ बघत होते, आणि तोही बघत होता. चार वाजले. दादा बक्षिसाच्या घोषणेकडे गेला. विमान परत टेबलावर आणून ठेवलेलं, शेपटी अजून कोमट. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना. त्याने तळहात शेपटीवर ठेवला.

मी विचारलं. घोकलेला प्रश्न, अगदी सहज. त्याला ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्याने कान पुढे केला. तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच तो म्हणाला, त्या मोठ्या आवाजात:

"मला एक विचारायचंय. त्या दिवशी मी एकदा वाजवलं. तू दोनदा का वाजवलंस?"

शेजारच्या टेबलावरचं जोडपं वळून बघायला लागलं.

"मला वाटलं तू रिव्हेटचं विचारतोयस," मी म्हणाले. त्याने मान हलवली, ऐकू नाही. मी ओरडले, "मला वाटलं तू रिव्हेटचं विचारतोयस!"

अख्खा मंडप शांत. परीक्षकसुद्धा.

मग तो पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "रिव्हेट तर सकाळीच संपले होते, खारूताई."

संपले होते. मला ठाऊक होतं. मी आत दिवा आवरत होते, ठोकळा पिशवीत गेला होता, मारायचं काही उरलं नव्हतं. दोनदा वाजवलं ते बोटाच्या पेराने, आणि ते दुखलं होतं. सव्वीस वर्षं मला ठाऊक होतं.

बोलले असते तरी त्याला ऐकू कुठे येणार होतं? त्याचा तळहात उजव्या बाजूला, दुहेरी रांगेवर होता. मी डावीकडे होते. मधे शेपटी. मी वाकले आणि बोटाच्या पेराने तिच्यावर वाजवलं. एकदा.

त्याने तळहात काढला नाही. डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला, आतून काही येतंय का हे बघत असल्यासारखा. मी पुन्हा वाजवलं. एकदाच.

दादा पळत आला, दुसरं बक्षीस मिळालं म्हणून ओरडत. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही.

पाचची बस त्याने सोडली.